बर्फावर जोडीने : लेक सिम्कोमधील लेक ट्राउटची मासेमारी

उत्तरतीर

टोरोंटोहून उत्तरेला गाडीने तासाभरावर लेक सिम्को हे ७२२ चौरस किलोमीटरचे सरोवर आहे. जानेवारीत ते गोठले, की त्यावर खोपटांची वस्ती उभी राहते आणि शनिवार-रविवारी बर्फावर गर्दी लोटते. त्या गर्दीतील बहुतेक लोक यलो पर्च या छोट्या, थव्याने राहणाऱ्या माशासाठी येतात. या धाग्याचा विषय मात्र त्याच सरोवराच्या खोल भागात वावरणारा लेक ट्राउट हा आहे. माझा एक सहकारी या सरोवराच्या काठीच लहानाचा मोठा झाला आणि गेली काही वर्षे आम्ही दोघे दर हिवाळ्यात मिळून या माशाच्या मागे जातो. मला जे येते ते सगळे त्याच्याकडून शिकलेले आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. लेक ट्राउटसाठी बर्फावर जाणे हे दोघांचे काम आहे. सोबत असावी, गप्पा व्हाव्यात एवढ्यापुरते नव्हे. मासा शोधणे, तो वर आणणे, जिवंत परत सोडणे आणि स्वतः सुखरूप काठाला लागणे यांपैकी एकही गोष्ट दुसऱ्या माणसावाचून नीट होत नाही.

हा थंड पाण्याचा मासा आहे. दहा-बारा अंशांहून गरम पाणी त्याला मानवत नाही आणि प्राणवायूही भरपूर लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात तो खोल, थंड थरातच राहतो आणि बोटीतून गळ टाकणाऱ्यांना त्याचा ठाव साधारण माहीत असतो. हिवाळ्यात हे बंधन सुटते. पाणी चार अंशांना सर्वांत जड असते, म्हणून गोठलेल्या सरोवरात तळाशी चार अंशांच्या आसपासचे पाणी बसते आणि बर्फाला लागून शून्याजवळचे राहते. म्हणजे तळापासून बर्फापर्यंतचे सगळेच पाणी लेक ट्राउटला चालण्यासारखे असते. तो पंचवीस-तीस मीटरवर तळाला चिकटून असेल, अधेमधे सिस्को माशांच्या थव्यामागे फिरत असेल, किंवा तुमच्या बुटांखाली दोन-तीन मीटरवरून निघून जाईल. एकट्याने एकाच खोलीवर आमिष सोडून बसलो, तर दिवस रिकामा जाण्याची शक्यता फार मोठी असते.

म्हणून आम्ही पाण्याची उभी वाटणी करतो. उथळ पठार संपून तळ एकदम खाली जातो अशी कड नकाशावर पाहून ठेवतो, तिथे साधारण दहा मीटर अंतराने भोके पाडतो, मित्र तळापासून वरचे सात-आठ मीटर सांभाळतो आणि मी त्याच्या वरचे पाणी धुंडाळतो. ऑगरने, म्हणजे बर्फात भोक पाडण्याच्या गिरमिटाने, पाडलेले भोक वीस सेंटीमीटरपेक्षा लहान नसावे. आम्ही पंचवीसचे पाडतो, कारण चांगला वजनदार मासा अरुंद भोकात वळत नाही आणि बर्फाच्या कडेवर दोरी घासून तुटते. भोकातला भुसभुशीत बर्फ झाऱ्याने काढत राहावा लागतो. आमिष म्हणजे दहा सेंटीमीटरचा मऊ पांढरा ट्यूब जिग किंवा चपटा, चकाकणारा धातूचा चमचा. दोरी विणलेली घ्यावी, कारण ती ताणली जात नाही आणि तीस मीटरखालचा हलका धक्काही हाताला कळतो; तिच्या टोकाला मात्र दोनेक मीटर फ्लुरोकार्बनची पारदर्शक दोरी जोडावी.

आता फ्लॅशरबद्दल. हे गोल तबकडीचे सोनार यंत्र भोकाशेजारी ठेवतात आणि त्याचा संवेदक पाण्यात सोडतात. तळ जाड लाल पट्टी होऊन दिसतो आणि आपले आमिष बारीक हिरवी रेघ. बराच वेळ या दोन खुणांखेरीज काहीच नसते. मग तळाच्या पट्टीतून माशाची एक रेघ सुटते, वर येता येता जाड होते, नारंगी होते, लाल होते. अशा वेळी आमिष तिथेच थांबवण्याचा मोह होतो आणि ते थांबले की बहुतेक ट्राउट जवळ येऊन परत फिरतात. त्याला पळणारे भक्ष्य हवे असते. रीळ फिरवून आमिष वर पळवायचे, रेघ मागून येते आहे का पाहायचे, ती रेंगाळली तर आमिष किंचित खाली टाकून पुन्हा पळवायचे. हा पाठलाग कधी कधी तळापासून बर्फाखाली पाच-सहा मीटरपर्यंत येतो. तो चालू असताना माझी नजर तबकडीवरून हलू शकत नाही. मित्र मी न सांगता आपली दोरी बाहेर काढून घेतो, गुंता होऊ देत नाही, आणि मासा माझ्या आमिषापासून फिरून खाली गेला, तर मी खोली ओरडून सांगतो, "अठरावर!", आणि तो त्याचे आमिष नेमके त्याच्या वाटेवर आणतो. आमच्या हाती आलेल्या माशांपैकी कितीतरी पहिल्याच्या आमिषाने उठलेले आणि दुसऱ्याच्या गळाला लागलेले आहेत.

मासा लागला की घाई करू नये. लेक ट्राउट वेगाने सैरावैरा धावत नाही, जड डोके झटकत राहतो आणि खाली जाण्यासाठी जोर लावतो. तो वर येऊ लागला की भोकातल्या पाण्यावर बुडबुडे फुटू लागतात. ते त्याच्या वाताशयातील वायूचे असतात. या माशाच्या वाताशयाची नळी अन्ननलिकेला जोडलेली असते, त्यामुळे खोल पाण्यातून वर येताना फुगणारा वायू त्याला तोंडावाटे सोडता येतो. पर्चला हे जमत नाही, आणि म्हणून खोल पाण्यातून काढलेला पर्च सोडला तरी अनेकदा वरच तरंगत राहतो. ट्राउटला वायू सोडायला अवधी मिळाला, तर तो परत खाली जाऊन जगू शकतो. बुडबुडे दिसेपर्यंत आणि दिसल्यावरही सावकाश, हा मित्राने घातलेला नियम आहे.

शेवटचे काम भोकापाशी. मी दोरी ताणून ठेवतो, मित्र हातमोजा काढून, बाही वर करून, गुडघ्यांवर बसतो आणि माशाचे डोके भोकात वळले की ओल्या हाताने त्याला धरतो. कोरड्या मोज्याने धरले की अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तो थर गेला की रोगापासूनचे रक्षणही जाते. मग दोन-चार क्षण तो मासा नीट दिसतो: काळपट हिरवे अंग, त्यावर फिकट पिवळसर ठिपके, खोल दुभंगलेली शेपटी, पोटाकडच्या परांना पांढरी कड. आम्ही त्याचे सगळे पर पाहतो. या सरोवरात सोडलेल्या मत्स्यबीजाचा एखादा पर ओळखीसाठी कापलेला असतो. सगळे पर शाबूत असतील तर तो बहुधा इथल्याच खडकाळ तळावर जन्मलेला. असा मासा आम्ही ठेवत नाही. सोडायचा मासा बर्फावर आडवा टाकायचाच नाही, कारण उणे पंधरा अंशांत डोळे आणि कल्ले काही क्षणांत गोठू लागतात. गळ पाण्यातच पकडीने काढायचा आणि मासा डोके खाली करून भोकात सोडायचा.

नियमांचे थोडक्यात. या सरोवरात लेक ट्राउटचा हिवाळी हंगाम १ जानेवारी ते १५ मार्च असतो. १८ ते ६४ वयाच्या व्यक्तीला परवाना लागतो. क्रीडा परवान्यावर दोन मासे ठेवता येतात, कॉन्झर्व्हेशन परवान्यावर एक. बर्फावर प्रत्येकी दोन दोऱ्या चालतात, पण आपण त्यांच्यापासून साठ मीटरच्या आत असावे लागते आणि त्या सतत नजरेत असाव्या लागतात. नियम बदलतात, म्हणून दर वर्षी ओंटारियो प्रांताच्या सरकारची नवी नियमावली पाहावी.

ज्यांनी हे केले आहे त्यांनी आपापल्या सरोवरांबद्दल अवश्य लिहावे.

---

खाडीकाठ

लेख मन लावून वाचला. मी रत्नागिरीजवळ राहतो, खाडीत गरवायला लहानपणापासून जातो आणि भरती-ओहोटी पाहून मासा कुठे असेल हे आम्ही सांगू शकतो. पण पायाखाली तीस मीटर पाणी आहे आणि आपण त्यावर उभे आहोत ही कल्पनाच मला अजून पेलत नाही. दोन प्रश्न आहेत. बर्फ पुरेसा जाड आहे हे तुम्ही कसे ठरवता? आणि हंगाम १ जानेवारीलाच का सुरू होतो? आमच्याकडे जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी असते, ती माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रासाठी. तिथेही असेच काही आहे का?

---

उत्तरतीर

@खाडीकाठ, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तुम्ही कारण बरोबर ओळखले आहे. लेक ट्राउट साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाणी थंड झाल्यावर, खडकाळ उथळ जागी रात्री अंडी घालतो. इतर अनेक ट्राउट माद्या तळ उकरून घरटे करतात, त्याची मादी तसे करत नाही. अंडी गोट्यांच्या फटींत पडतात आणि हिवाळाभर तिथेच राहून वसंतात फुटतात. त्या काळात मोठे मासे काठाजवळ एकत्र येतात आणि सहज मारले जाऊ शकतात, म्हणून शरद ऋतूत मासेमारी बंद असते.

जाडीबद्दल: नव्याने धरलेला, स्वच्छ, निळसर बर्फ चालण्यासाठी किमान दहा सेंटीमीटर हवा, स्नोमोबिलसाठी बारा ते पंधरा आणि लहान मोटारीसाठी वीस ते तीस सेंटीमीटर. पांढरा, हिममिश्रित बर्फ यापेक्षा खूप कमकुवत असतो, त्याची ताकद निम्मीच धरावी. सुरुवातीच्या दिवसांत पुढचा माणूस लोखंडी पहार आपटत चालतो आणि मागचा काही मीटर अंतर राखून, हातात दोर घेऊन. दोघेही तरंगणारा सूट घालतात आणि गळ्यात बर्फात रोवायचे टोचे अडकवतात. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी लोकांपर्यंत पोहोचवलेला १-१०-१ हा हिशोब प्रत्येकाने पाठ करावा. थंडगार पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय उपयोगी पडतील अशी सुमारे दहा मिनिटे आणि शुद्ध हरपण्यापूर्वी सुमारे एक तास. त्या दहा मिनिटांत दोर फेकणारा कोणी जवळ असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

---

बॅरीकर

मी सिम्कोच्या केम्पनफेल्ट उपसागराच्या काठी राहते. ४१ मीटरची सर्वाधिक खोली याच उपसागरात आहे आणि त्यामुळे तो सरोवराच्या उथळ भागांपेक्षा उशिरा गोठतो. उथळ कुक्स उपसागरात पर्चवाल्यांचे तंबू लागले, की इथेही बर्फ तयार झाला असेल असे समजून लोक येतात, हे दर वर्षी पाहते. कृपया तसे समजू नये. अलीकडे एकूणच बर्फ उशिरा आणि पातळ धरतो आहे. २०२४ च्या सुरुवातीचा हिवाळा तर ओंटारियोच्या दक्षिण भागातील मासेमारांसाठी फारच वाईट गेला.

जाडीइतकाच वाऱ्याचाही विचार करावा, असे मला वाटते. मोठ्या सरोवरावर बर्फाची चादर वाऱ्याने आणि तापमानातील फरकाने सरकते आणि दाबाच्या भेगा पडतात. सकाळी जी भेग सहज ओलांडली, ती दुपारी वारा फिरल्यावर दोन मीटर उघडलेली असू शकते आणि बर्फ अर्धा मीटर जाड असला तरी त्याचा मग काही उपयोग नसतो.

एक प्रश्नही विचारते. आजकाल अनेकांकडे समोरचे दाखवणारे नवे सोनार असते. त्यात तीस मीटर पलीकडचा मासाही चित्रपटासारखा हलताना दिसतो आणि लोक एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे धावत त्याचा पाठलाग करतात. तुमचे त्याबद्दल काय मत आहे?

---

उत्तरतीर

भेगांची आठवण करून दिलीत, फार बरे झाले. परतीच्या वाटेवरची भेग कुठे ओलांडली ते आम्ही जीपीएसमध्ये नोंदवतो आणि किनाऱ्यावरून बर्फाकडे वारा सुटण्याचा अंदाज असेल, त्या दिवशी जातच नाही.

नव्या सोनारला कायद्याने मनाई नाही आणि जे वापरतात त्यांना मी दोष देणार नाही. आम्ही दोघांनी मात्र ते घ्यायचे नाही असे ठरवले आहे. लेक ट्राउट फार सावकाश वाढतो आणि उशिरा प्रजननक्षम होतो. ज्या माशाचा साठा इतक्या हळू भरून निघतो, त्याला लपायला थोडे पाणी उरले पाहिजे, असे माझे प्रामाणिक मत आहे. फ्लॅशर फक्त भोकाखालचा लहान शंकू दाखवतो. बाकीचे सरोवर माशाचे राहते.

---

दुलुथकर

मी मिनेसोटातील दुलुथला असतो. इथे लेक सुपीरिअर आहे, पण त्यावर बर्फाचा भरवसा फार कमी. वारा फिरला की किनाऱ्याजवळचा बर्फ सुटून आत वाहून जातो. म्हणून आम्ही उत्तरेकडच्या, कॅनडाच्या सीमेलगतच्या लहान पण खोल सरोवरांवर जातो. तिथे गाडीचा रस्ता नाही, सगळे सामान स्लेजवर ओढत न्यावे लागते, म्हणून जोडीची गरज आणखीच वाढते.

सुपीरिअरमधील लेक ट्राउटची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. समुद्री लॅम्प्रे हा रक्त शोषणारा, ईलसारखा लांबट प्राणी वेलँड कालव्याच्या वाटेने नायगाराचा धबधबा टाळून वरच्या सरोवरांत पोहोचला. १९२१ मध्ये तो ईरीत सापडला आणि १९३८ पर्यंत सुपीरिअरमध्ये. आधीच बेसुमार मासेमारीने खचलेला ट्राउट १९५० च्या दशकापर्यंत बहुतेक महासरोवरांतून जवळपास नाहीसा झाला. १९५४ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी करार करून मत्स्य आयोग स्थापन करायचे ठरवले. मिशिगनमधील हॅमंड बे केंद्रात हजारो रसायने तपासल्यावर टीएफएम हे एक सापडले, जे नदीच्या गाळातील लॅम्प्रेच्या अळ्यांना मारते आणि योग्य मात्रेत इतर बहुतेक माशांना जगू देते. १९५८ पासून ते नद्यांत वापरले जाऊ लागले. मत्स्यबीज सोडणे आणि पकडीवर मर्यादा यांचीही जोड होती. २०२४ मध्ये आयोगाने जाहीर केले, की सुपीरिअरच्या बहुतांश भागात लेक ट्राउट पूर्णपणे सावरला आहे. मधली सहा-सात दशके काम कधी थांबले नाही आणि लॅम्प्रेवरचे उपचार आजही थांबवता येत नाहीत.

लेक सिम्कोत लॅम्प्रे नव्हता, तरी तिथे मत्स्यबीज का सोडावे लागले?

---

उत्तरतीर

@दुलुथकर, सिम्कोत संकट पाण्यातूनच आले. शेते, गटारे आणि वाढती शहरे यांतून स्फुरद सरोवरात येत राहिले. त्यावर शेवाळ माजते, मरून तळाशी जाते, तिथे कुजते आणि कुजताना खोल पाण्यातील प्राणवायू संपवते. उन्हाळ्याच्या शेवटी लेक ट्राउट कात्रीत सापडतो: वरचे पाणी फार गरम आणि खालचे थंड असले तरी श्वास घेण्याजोगे नाही. त्यात लहान पिल्ले आधी मरतात. मोठे मासे दिसत राहिले, पण सरोवरातच जन्मलेली नवी पिढी दिसेना, आणि मत्स्यबीजावर सगळी मदार आली.

२००८ मध्ये ओंटारियोने खास या सरोवरासाठी कायदा केला आणि २००९ मध्ये त्याचा संरक्षण आराखडा आला. त्यात स्फुरदाचे वार्षिक प्रमाण ४४ टनांपर्यंत खाली आणण्याचे आणि खोल पाण्यातील विरघळलेला प्राणवायू लिटरला ७ मिलिग्रॅमपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. स्फुरदाचे उद्दिष्ट अजून दूर आहे आणि रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठामुळे पाण्यातील क्लोराइडही वाढत चालले आहे. तरीही सगळे पर शाबूत असलेले मासे आता पुन्हा दिसू लागले आहेत. माझा मित्र असा मासा हातात आला की त्याच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा लहानसा मांसल पर आधी बोटाने चाचपतो. त्याच्या तरुणपणी असे मासे किती दुर्मीळ होते हे तो सांगतो, तेव्हा त्या चाचपण्याचा अर्थ कळतो.

---

सजग वाचक

लेखातील काळजी मनापासूनची आहे हे जाणवते, म्हणूनच थेट विचारतो. मासा खायचा असेल तर पकडणे मला समजते. पण सोडूनच द्यायचा असेल, तर त्याच्या तोंडात गळ अडकवून त्याला तीस मीटर ओढून आणायचे कशासाठी? त्यापेक्षा त्याला त्रास न देणे हीच काळजी नव्हे का?

---

शून्याखाली

मी कॅनडाच्या उत्तरेकडील यलोनाइफला राहते, ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी. हे उत्तर अमेरिकेतील सर्वांत खोल सरोवर, ६१४ मीटर. इथे हिवाळ्याच्या शेवटी बर्फ मीटरभर आणि त्याहूनही जाड असतो, त्यामुळे ऑगरला जोडदांडा लावावा लागतो आणि मासा भोकात नाही, लांब नळीत वळवावा लागतो. मदतीला दुसरा माणूस नसेल तर मोठा मासा बाहेर येतच नाही.

सजग वाचक यांच्या प्रश्नाशी जोडून एक सांगते. इथल्या थंड पाण्यात मोठा लेक ट्राउट चाळीस-पन्नास वर्षांचाही असू शकतो. असा मासा खाण्यासाठीही बरा नाही, कारण दीर्घायुषी शिकारी माशांच्या मांसात पारा साठत जातो. इथले आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या या माशावर जगत आले आहेत आणि ते अन्न म्हणून जाळ्यांनी तो आजही धरतात. त्याला माझा आक्षेप असण्याचे कारणच नाही. हौसेने गळ टाकणाऱ्याने मात्र मध्यम मासा ठेवावा आणि मोठा सोडावा.

---

उत्तरतीर

@सजग वाचक, तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे मी म्हणणार नाही. काही मरतात, आणि बर्फावर हाताळण्यात चूक झाली तर जास्त मरतात. म्हणून दिवसभर मासे काढत राहायचे आणि सोडत राहायचे, हे आम्हालाही पटत नाही. आम्ही खाण्यासाठीच जातो. दोघांत मिळून एक मासा घ्यायचा, तो पर कापलेला आणि मध्यम आकाराचा असावा, आणि तो मिळाला की दोऱ्या गुंडाळायच्या. सोडतो ते जन्माने रानटी किंवा फार मोठे मासे, कारण गळ टाकताना कोणता लागेल हे आपल्या हातात नसते. ओंटारियोत परवान्याची फी मत्स्य आणि वन्यजीव व्यवस्थापनाच्या स्वतंत्र निधीत जाते, हे खरे आहे. पण तेवढ्याने माशाचा त्रास कमी होतो असे मी म्हणत नाही. तो कमी करणे आपल्या हातांवर आणि लवकर थांबण्यावर आहे.

---

तिरफळ

इतकी चर्चा झाली आणि चवीबद्दल कोणी लिहिले नाही! मी मिसिसागात असते आणि शेजाऱ्यांकडून हिवाळ्यात हा मासा येतो. लेक ट्राउटला चरबी भरपूर असते, मांस कधी पांढरट तर कधी नारिंगी निघते. बांगड्याप्रमाणे हा तेलकट मासा आहे, हे लक्षात ठेवून आंबट सढळ हाताने घालावे. आगळ, हळद, तिखट आणि मीठ लावून अर्धा तास ठेवावा, तांदळाच्या पिठीत घोळवून मंद आचेवर तव्यात परतावा. त्याचेच तेल सुटते, म्हणून तेल बेतानेच घालावे. पातळ कालवणात तुकडे लवकर मोडतात, म्हणून तिरफळ घातलेले घट्टसर आंबट-तिखट करणे बरे. पोटाकडची चरबी आणि कातडी मी काढून टाकते, कारण काही प्रदूषक द्रव्ये चरबीत साठतात. पारा मात्र मांसातच असतो, तो अशा सफाईने जात नाही. ओंटारियो सरकारची सरोवरनिहाय आणि माशाच्या लांबीनुसार केलेली खाण्याची मार्गदर्शिका आहे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी तिच्यात वेगळे, कमी प्रमाण दिलेले असते. ती पाहिल्याशिवाय मुलांच्या पानात वाढू नये.

---

खाडीकाठ

सर्वांच्या उत्तरांबद्दल आभार. माझा भाचा शिक्षणासाठी सप्टेंबरपासून टोरोंटोला आहे आणि हा धागा त्याला पाठवल्यापासून तो फेब्रुवारीत जायचे म्हणतो आहे. त्याच्याकडे काहीच सामान नाही आणि बर्फाची सवयही नाही. त्याने सुरुवात कशी करावी?

---

उत्तरतीर

@खाडीकाठ, भाच्याने एकट्याने जाऊ नये आणि पहिल्याच वेळी स्वतःचे सामानही घेऊ नये. जॅक्सन्स पॉइंट, इनिसफिल, बीव्हरटन या भागांत खोपटी भाड्याने देणारे आहेत. ते बर्फावर वाहनाने नेऊन सोडतात, भोके पाडून देतात, रॉड आणि आमिष देतात आणि संध्याकाळी परत आणतात. मुख्य म्हणजे बर्फाची जाडी रोज मोजणारा माणूस तिथे असतो. ठरवताना लेक ट्राउटसाठी खोल पाण्यावरचे खोपटे हवे असे स्पष्ट सांगावे, नाहीतर पर्चच्या उथळ जागी नेतील.

फेब्रुवारीत फॅमिली डे या सुट्टीच्या शनिवार-रविवार-सोमवारी ओंटारियोत परवान्याशिवाय मासेमारी करता येते, पण ही सवलत कॅनडातील रहिवाशांसाठी आहे. तो सप्टेंबरमध्ये आला असल्यामुळे आपण तिच्यात बसतो का हे त्याने आधी पाहावे, नाहीतर सरळ परवाना काढावा. त्या दिवसांतही कॉन्झर्व्हेशन परवान्याची पकडीची मर्यादा आणि बाकीचे नियम लागू असतात.

खोपट्यात प्रोपेनची शेगडी असते. झरोका पूर्ण बंद करू नये आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे छोटे यंत्र सोबत न्यावे. कपडे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घालावेत. सुती मोजे घामाने ओले झाले की पाय गारठतात. बूट एक माप मोठे घ्यावेत, म्हणजे दोन मोजे घालूनही बोटे हलतात. मोज्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. त्याने तारीख ठरवली की मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. त्या दिवशी आम्ही दोघे बर्फावर असलो, तर आमच्या शेजारची भोके त्याच्यासाठी पाडून ठेवू.